दलित दाखवायला चेहरा काळा कशाला करावा लागतो?

'धडक २'वरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, "प्रेमाच्या पिक्चरमध्ये जात कशाला घुसडली?" दुसरा म्हणतो, "हिंदीवाले निदान जातीवर बोलले तरी, आता खुसपटं काढू नका." मला दोन्ही पटत नाही.

पहिल्यांना विचारतो, २०१६ ला ज्या 'सैराट'वर अख्खा सोलापूर जिल्हा नाचला, त्यात जात नव्हती का? आर्ची पाटलाची, परश्या मासेमारी करणाऱ्या घरातला. जात काढा, मग शेवटी त्या दोघांना मारतात कशाला? २०१८ च्या 'धडक'नं गोष्ट उदयपूरला नेली, जात पुसट केली, आणि गोष्टीतला जीवच गेला.

आता दुसरे. 'धडक २' मूळ मारी सेल्वराज यांच्या तमिळ 'परियेरुम पेरुमल'वरचा. विषय धाडसाचा, सेन्सॉरची कात्रीही लागली, मान्य. पण नायक दलित आहे हे कळावं म्हणून सिद्धांत चतुर्वेदीचा रंग गडद केला? अहो, जात कातडीवर दिसत नाही. आडनाव कळल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो ना, तिथं ती दिसते. रंगाचंच म्हणाल तर सोलापूरच्या उन्हात सगळ्या जाती रापलेल्याच आहेत!

आपले नागराज मंजुळे जेऊरचे. त्यांना आर्ची अकलूजला सापडली, मेकअपच्या डब्यात नाही.

ज्यांची गोष्ट सांगून पैसे कमावताय, त्यांच्या पोरांना कॅमेऱ्यासमोर उभं करा की. पुढची ऑडिशन मुंबईत नको, मोहोळ-करमाळ्याच्या एसटी स्टँडवर घ्या. रांग लागेल.