मुलांची नवी शाळा आणि आपले कर्तव्य



जून महिना आला की आपल्या असंख्य घरांतील मुले गावची प्राथमिक शाळा सोडून तालुक्याच्या हायस्कुलात पाचवीच्या वर्गात जातात. दाखला, गणवेश, वह्या-पुस्तके आणि एस.टी.चा पास यांची तजवीज झाली म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत असते. ही समजूत अपुरी आहे, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

गावच्या शाळेत एक किंवा दोन गुरुजी असतात आणि ते मुलाला नावानिशी ओळखतात. हायस्कुलात दर तासाला घंटा होते आणि नवे शिक्षक वर्गात येतात. भोवतालची मुले अनोळखी असतात. त्यातच हजेरीच्या वेळी आडनाव उच्चारले जाते आणि शेजारचा मुलगा विचारतो, "तुम्ही कोण?" ज्या घरांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली, त्या घरातील दहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न अधिकच अवघड वाटतो. घरात बुद्धवंदना होते, पण शाळेच्या दाखल्यावर जुनाच धर्म असतो. यांतले काय सांगावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. म्हणून ते गप्प बसते, आणि त्याच्या या गप्प बसण्यालाच आपण शहाणपण समजतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात प्रवेश घेतला. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. शाळेत शिपाई हजर नसला तर आपणांस पाणी मिळत नसे, ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेविली आहे. ती आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही, आणि विसरूही नये. परंतु तीच आठवण एकदा मला कशी चुकवून गेली, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझी कन्या पाचवीत गेली. पहिल्या पंधरवड्यात तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येऊ लागली. मी पडलो वकील. सारा जुना इतिहास माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि मी मुख्याध्यापकांच्या नावे तक्रारअर्ज लिहावयास बसलो. तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "अहो, आधी तिला विचारा तरी." विचारले तेव्हा कळले की मुलींची मुतारी इमारतीच्या पार टोकाला आहे, तेथे मोठ्या मुलींची गर्दी असते आणि दर तासाला नव्या सरांकडे परवानगी मागण्याचे तिला धैर्य होत नाही. म्हणून ती पाणीच पीत नव्हती. कोणी भेदभाव केलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पत्नी तिच्याबरोबर शाळा भरण्यापूर्वी गेली, तिला सारी इमारत हिंडून दाखविली आणि वर्गशिक्षिकांशी चार शब्द बोलली. आठ दिवसांत बाटली रिकामी येऊ लागली.

आता याच्या उलट गोष्ट ऐका. १९९० साली मी स्वतः पाचवीत गेलो. पहिल्याच आठवड्यात फॉर्म भरण्यासाठी शिक्षकांनी भर वर्गात सांगितले, "मागासवर्गीय मुलांनी उभे राहा." आम्ही सहाजण उभे राहिलो आणि सारा वर्ग मागे वळून आमच्याकडे पाहू लागला. त्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर बसू लागलो, आणि वर्षभर एकदाही प्रश्न विचारण्यासाठी हात वर केला नाही. माझे वडील मोलमजुरी करीत. "अभ्यास केलास का?" हे ते रोज विचारीत. "आज शाळेत काय झाले?" हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि मीही कधी सांगितले नाही. त्यांना दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही; असे विचारावयाचे असते, हे त्यांना तरी कोणी सांगितले होते? तथापि जेथे तक्रार करणे आवश्यक होते, तेथे ती झाली नाही. आणि जेथे तिचे कारण नव्हते, तेथे मी लेखणी उचलली. दोन्ही प्रसंगी उणीव एकच होती. मुलाला कोणी विचारले नव्हते.

काहीजण म्हणतील, आपल्या वाडवडिलांनी याहून अधिक सोसले व तरी ते शिकले. मुलांना टक्केटोणपे खाऊ द्यावेत. त्यांना माझे उत्तर असे की, सोसून जे शिकले तेच आज आपल्याला दिसतात. सोसवेना म्हणून जे मुकाट्याने शाळा सोडून गेले, त्यांची गणती कोणी ठेविली आहे?

म्हणून माझी विनंती अशी. शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा मुलाला घेऊन नव्या शाळेत जा. वर्ग, पाण्याचा नळ, मुतारी आणि मुख्याध्यापकांची खोली त्याला दाखवा. "आम्ही बौद्ध आहोत," हे उत्तर लाजून नव्हे आणि भांडूनही नव्हे, तर सरळ मानेने द्यावयास त्याला घरीच शिकवा. पहिले दोन महिने रोज रात्री थोडा वेळ त्याच्याजवळ बसा आणि दिवसाची हकीकत ऐका. ऐकताना मध्येच उपदेश करू नका.

धर्म बौद्ध लिहिल्यास सवलती जातील, या भीतीने पुष्कळजण दाखल्यावर जुना धर्म तसाच ठेवितात. ही भीती निराधार आहे. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांना अनुसूचित जातींचे हक्क दिले आहेत. मात्र नव्या शाळेतील नोंद जुन्या दाखल्यावरूनच होते. म्हणून दाखला काढण्यापूर्वी त्यावरील धर्माची व जातीची नोंद स्वतः पाहा, आणि दुरुस्तीची चौकशी जुन्या शाळेतच करा.

विचारल्यानंतर अन्याय झाल्याचे निष्पन्न झाले, तर मात्र गप्प बसू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ नये, याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. याच कायद्यान्वये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. त्या जागांवर आपल्या भगिनींनी बसावे.

कायदा आपल्या पाठीशी आहे. परंतु मुलाने तोंड उघडल्याखेरीज कायद्याला काही कळत नाही, आणि आपण मायेने विचारल्याखेरीज मूल तोंड उघडीत नाही. या जूनमध्ये आपले मूल पहिल्या दिवशी शाळेतून घरी येईल, तेव्हा अभ्यासाचे नंतर विचारा. आधी त्याला जवळ बसवून घ्या व विचारा, "बाळ, आज काय झाले?"