इंजिनाची मजुरी

मंडळी, मागच्या महिन्यात मी एका माणसाचे दीड हजार रुपये मारले. चोरून नव्हे, त्याच्यासमोर बसून, त्यानेच मागवलेला चहा पिऊन मारले. आपल्याकडे याला घासाघीस म्हणतात, आणि ती जमली की घरी येऊन कौतुकाने सांगतात. मीही सांगितली. आता राहिलेली गोष्ट सांगतो.

माझी १९८१ सालची येझदी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. १९८६ साली मी ती जुनी म्हणून विकत घेतली आणि निवृत्त होईपर्यंत आळंदीहून शाळेत जायला-यायला तीच होती. दोन्ही मुलांना टाकीवर बसवून तिच्यावरूनच फिरवलं. गंमत अशी की २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले, त्यांत गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असावी लागते. म्हणजे कायद्याने ती अजून व्हिंटेज नाही. मी मात्र झालो! असो.

तर यंदाच्या उन्हाळ्यात मरकळ रस्त्यावर तिचं इंजिन जाम झालं. पिस्टनने सिलिंडर धरला, किक खाली जाईना. देहूफाट्याकडे एक साठीचे मिस्त्री आहेत. जावा-येझदीवर हात बसलेला असा आमच्या भागात आता मला तेवढा एकच माणूस माहीत आहे. त्यांनी इंजिन उतरवून उघडलं आणि सांगितलं, "सर, बोअर करावं लागेल, पिस्टन नवा. क्रँकचं कनेक्टिंगही वाजतंय. सामानाचे वेगळे, लेथवाल्याचे वेगळे. माझं लेबर नऊ हजार." मी हो म्हणालो.

अठरा दिवसांनी गाडी तयार झाली. ती आणायला चिंचवडहून मेव्हणेही आले होते. आकडा ऐकून ते म्हणाले, "दाजी, नव्या गाडीची सर्व्हिसिंग याच्या चौथ्या हिश्श्यात होते. आणि या गाडीची किंमत तरी काय?" मला पटलं. खरं सांगायचं तर खिशाला पटलं. मी साडेसात हजार मोजून ठेवले. मिस्त्री काही बोलले नाहीत. जुना पिस्टन, बेअरिंग, ऑइल सील एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले आणि दुसऱ्या गाडीकडे वळले. (मेव्हणे हे वाचतीलच. त्यांनी राग मानू नये. पैसे माझ्या हातून कमी गेले, त्यांच्या नव्हे.)

तीनशे किलोमीटर झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळून घ्यायला गेलो, तेव्हा खिळ्याला टांगलेली एक वही दिसली. मास्तराला वही दिसली की राहवत नाही. विचारून हातात घेतली. कोणत्या दिवशी कोणत्या गाडीवर काय केलं आणि किती वेळ गेला, ते सगळं त्यात होतं. आमच्या येझदीची पानं मी उतरवून घेतली. इंजिन उतरवणं, उघडणं, धुणं : ६ तास. एक बोल्ट गंजून आतच तुटला, तो काढून आटे नीट करणं : ३ तास. सामानासाठी पुण्याला नाना पेठेत दोन खेपा : ८ तास. लेथवाल्याकडे नेणं-आणणं, कारण बोअर आणि क्रँकचं प्रेसिंग आळंदीत होत नाही : ४ तास. जुळणी : १० तास. टायमिंग, कार्बुरेटर आणि चालवून बघणं : ५ तास. मग क्लच घसरतोय असं वाटलं म्हणून कव्हर पुन्हा उघडलं : ४ तास. एकूण ४० तास.

नऊ हजारांना चाळीसने भागा. तासाला २२५ रुपये. मी दिलेल्या पैशांत ते १८७ रुपये ५० पैसे झाले. त्यातून दुकानाचं भाडं, वीज, हत्यारं आणि पावसाळ्यात एकही गाडी न येणारे दिवस वजा करायचे. आमच्या घरी एसी दुरुस्तीला आलेल्या मुलाने अर्ध्या तासाचे सहाशे घेतले होते. तेव्हा मी ब्र काढला नव्हता.

मग चूक कुठे झाली? माझ्या मते आपण मजुरी मोजायला चुकीचं माप घेतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक कामाला किती वेळ लागावा याचा तक्ता कंपनी देते, आणि त्या वेळाला तासाच्या दराने गुणलं की लेबर निघतं. चाकणच्या कारखान्यांत तर लाइनवरच्या एकेका कामाचा वेळ सेकंदात मोजलेला असतो. तिथे ते ठीक आहे, कारण नवा बोल्ट नव्या आट्यात बसतो. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावं बाजारात परत आली खरी, पण त्या गाड्यांचं इंजिन फोरस्ट्रोक, आमचं टूस्ट्रोक. त्यांचा पिस्टन आम्हाला चालत नाही. म्हणजे आमच्या गाडीला आता ना कंपनीचा तक्ता, ना कंपनीचं सामान. चाळीस वर्षांच्या गंजाचा वेळ कुठल्याच तक्त्यात नसतो. सामान शोधणं हाही मजुरीचाच भाग झाला आहे, आणि आपण नेमका तोच धरत नाही, कारण तो आपल्या डोळ्यांसमोर होत नाही.

दुसरं चुकीचं माप म्हणजे गाडीची किंमत. गाडी वीस हजारांची असो की दोन लाखांची, पिस्टन बसवायला हात तेवढाच स्थिर लागतो. डॉक्टर आपली फी रुग्णाच्या वयावरून ठरवत नाहीत. (ठरवत असते तर माझं कठीण होतं.)

आणि माझ्या पगाराचं काय? मला मे महिन्याच्या सुट्टीचाही पगार मिळायचा. तास रिकामा गेला म्हणून कुणी कापून घेतला नाही. माझ्या पगारावर पाच पालकांनी शाळेच्या फाटकात उभं राहून घासाघीस केली असती तर मला काय वाटलं असतं? ज्याचा पगार आयोग ठरवतो, त्याने निदान ज्याची मजुरी गिऱ्हाईक ठरवतं त्याच्याशी जपून बोलावं.

कुणी म्हणेल, बलुत्याच्या काळात गावात हा प्रश्नच नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात ती सगळी व्यवस्था सविस्तर आली आहे. लोहाराने वर्षभर फाळ शेवटून द्यायचा आणि खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा. हिशोब कामाचा नव्हता, सालाचा होता. पण त्यात लोहाराच्या मुलाने लोहारच व्हायचं हेही ठरलेलं होतं. ते गेलं ते बरंच झालं. मात्र जाताना मजुरी ठरवायची नवी रीत आपण काही शिकलो नाही, नुसती घासाघीस शिकलो.

याचा अर्थ मिस्त्री मागेल तो आकडा बरोबर, असंही नव्हे. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गॅरेजने माझ्याकडून पंधरा हजार घेतले आणि टाकी चकाचक करून इंजिन होतं तसंच परत दिलं. जास्त पैसे घेतले म्हणजे जास्त काम केलं असं नसतं. म्हणून आता माझे चार नियम. इंजिन उघडून पाहण्याचे पैसे वेगळे द्यावेत आणि आकडा त्यानंतरच विचारावा. मजुरी, सामान आणि लेथचं काम हे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. जुने पार्ट परत मागावेत. आणि काम पुन्हा उघडावं लागलं तर कुणाच्या चुकीला कोण पैसे देणार, ते आधी बोलून ठेवावं. घासाघीस करायचीच तर इंजिन उघडण्याआधी करावी. काम झाल्यावर केली तर ती घासाघीस राहत नाही, कारण समोरच्याला तेव्हा 'नाही' म्हणायची सोय नसते. केलेले तास तो परत घेऊन जाऊ शकत नाही.

वही परत टांगताना मी मिस्त्रींना विचारलं, तुमचा मुलगा हल्ली दिसत नाही? म्हणाले, "चाकणला कंपनीत लागला, कंत्राटावर. काम येतं त्याला सगळं. पण तिथं आठ तास भरले की आठ तासांचे पैसे मिळतात, सर." त्यांनी ते सहज म्हटलं. मला मात्र नीट लागलं. पुढच्या वेळी इंजिन जाम होईल तेव्हा हे मिस्त्री नसले तर गाडी कुणाकडे न्यायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तो मुलगा गॅरेजमध्ये नसण्यात माझ्यासारख्या गिऱ्हाइकांचा वाटा आहे, एवढं मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी दीड हजार घेऊन गेलो. "राहू द्या सर, ते मी तेव्हाच सोडले," म्हणाले. मी म्हटलं, सोडू नका, वहीत लिहा. त्यांनी हात पुसले, नोटा मोजल्या आणि तारीख घालून लिहिलं : येझदी, बाकी जमा.

घरी येऊन मेव्हण्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दाजी, तुम्ही शेवटी मास्तरच राहिलात!" यात कौतुक किती आणि टोमणा किती, तो हिशोब अजून लागलेला नाही.