नेफा, गुंडी आणि बालशिक्षण

मे महिन्याचा हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास बालवाड्यांतील प्रवेशांची धामधूम ओसरलेली असेल, जन्माचे दाखले व छायाचित्रे दप्तरी जमा झालेली असतील, आणि गणवेष, पट्टा, टाय, मोजे व बूट यांची यादी असलेला शाळेचा छापील कागद पालकांच्या हाती गेलेला असेल. हा कागद तयार करताना आपल्यापैकी किती जणींनी त्याचा शिक्षणदृष्ट्या विचार केला असेल, याविषयी आम्हांस शंका आहे. खेळसाहित्य, गाणी, गोष्टी, खाऊ यांवर बालशिक्षणाच्या नियतकालिकांतून विपुल चर्चा झाली. परंतु तीन वर्षांचा मुलगा जो कपडा अंगात घालून रोज तीन-साडेतीन तास आपल्यासमोर वावरतो, त्याचा विचार मात्र आपण दुकानदारावर सोपवून निश्चिंत झालो. आमचे म्हणणे असे की, बालवाडीत नव्याने येणाऱ्या मुलाचा रोजचा कपडा हे त्याच्या हाती पडणारे पहिले शैक्षणिक साधन होय. आणि जो कपडा त्याला स्वतःच्या हाताने काढता-घालता येत नाही, तो कितीही देखणा असला तरी बालवाडीच्या कामाचा नाही.

थेरगावचेच पाहा. पवनेकाठचे हे शेतकऱ्यांचे गाव. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 साली अस्तित्वात आलेल्या औद्योगिक विकास महामंडळाने आसमंतातील माळरानांवर कारखान्यांसाठी भूखंड पाडले, 1982 साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि या साऱ्या ओघात गावची शेते पाहता पाहता इमारतींखाली गेली. आज डांगे चौकापासून सोळा नंबरच्या बसथांब्यापर्यंत आणि आतल्या गणेशनगर-पडवळनगरच्या गल्ल्यांतून बंगल्यांच्या तळमजल्यांवर नर्सऱ्या भरतात, आणि त्यांच्या जोडीला अंगणवाड्या आहेत. मुलांचे वडील भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळीने कामाला असतात, पुष्कळ घरी आईही कामावर जाते. पहिल्या पाळीची कंपनीची बस भल्या सकाळी गाठायची म्हटल्यावर मुलाला तयार करण्याचे काम आजीकडे, शेजारणीकडे, किंवा रात्रपाळी संपवून नुकत्याच घरी परतलेल्या वडिलांकडे येते. अशा घरी पाच गुंड्यांचा सदरा, चेनची चड्डी, कमरेला पट्टा, गळ्यात टाय, गुडघ्यापर्यंत मोजे आणि नाडीचे बूट हा सरंजाम रोज सकाळी मुलाच्या अंगावर चढवायचा म्हणजे मूल उभे आणि मोठी माणसे त्याच्याभोवती धावणारी, हे दृश्य अपरिहार्यच होते. आणि शाळेत पोचल्यावर तोच सरंजाम उतरविण्याचा प्रसंग आला की ते काम ताईंच्या किंवा मदतनीस बाईंच्या वाट्याला येते.

आता मुलाच्या वयाचा हिशेब करू. शासनाच्या नियमाप्रमाणे 31 डिसेंबरला तीन वर्षे पूर्ण होणारे मूल त्या वर्षीच्या जूनमध्ये नर्सरीत दाखल होऊ शकते. म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गातील काही मुलांना अडीच वर्षेही झालेली नसतात. या वयात लघवी लागल्याची जाणीव होणे आणि ती प्रत्यक्ष होणे यांत अवकाश फार थोडा असतो, आणि तेवढ्या अवकाशात खेळ सोडायचा, ताईंना सांगायचे, मोरीपर्यंत जायचे आणि चड्डी खाली करायची, अशी चार कामे त्या जिवाला उरकावयाची असतात. नेफ्यात लवचीक इलॅस्टिक असलेली चड्डी अडीच-तीन वर्षांचे मूल दोन्ही हातांनी खाली ओढू शकते. मोठी गुंडी साडेतीन वर्षांच्या सुमारास सावकाश सोडविता येते. लहान गुंडी काजात घालणे चौथ्या-पाचव्या वर्षी साधू लागते. आणि बुटाची नाडी बांधणे तर त्याहीनंतरचे कौशल्य आहे. ही क्रमवारी ठाऊक असताना पट्टा व चेन यांची चड्डी यादीत घालणे म्हणजे मुलाला अपयशाची पूर्वतजवीज करून शाळेत बोलावणे होय. चड्डी ओली झाली की शेजारची मुले हसतात, दुसऱ्या दिवशी मूल शाळेच्या दाराशी रडते, आणि आपण पालकांना सांगतो की, ‘अजून याला सवय नाही’. वस्तुतः सवय त्याला घरी लागलेली असते, शाळेच्या कपड्याने ती वापरण्याची मुभा दिलेली नसते.

मुलाच्या चड्डीविषयी आणखी दोन-तीन गोष्टी शिक्षिकांनी पालकांना आवर्जून सांगाव्यात. चेनमध्ये नाजूक जागेची कोवळी कातडी अडकून जखम होण्याचे प्रकार बालरोगतज्ज्ञांना चांगले परिचित आहेत, आणि घाईघाईने, आत जांघिया न घालता चेन ओढली गेली म्हणजे ते विशेषेकरून घडतात. तेव्हा या वयाला चेन नकोच. इलॅस्टिक घट्ट असेल तर कमरेला वळ उठतात, आणि ज्यांच्या कमरेला करगोटा असतो अशा मुलांची कातडी तर त्या दोहोंच्या मध्ये सापडते आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत घामाने तिचा दाह होतो. नेफ्यात मोठ्या माणसाची दोन बोटे सहज जावीत, हे माप पुरेसे आहे. गळ्याशी किंवा टोपीला लोंबणारी नाडी असलेले कपडे मात्र सर्वस्वी वर्ज्य समजावेत, कारण घसरगुंडीच्या फटीत अशी नाडी अडकून मुलांना गळफास बसल्याच्या दुर्घटना अन्यत्र घडल्या आहेत, आणि त्या लक्षात घेऊन अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाने 1996 साली लहान मुलांच्या कपड्यांतील गळ्याच्या नाड्यांविरुद्ध स्पष्ट मार्गदर्शक सूचना दिल्या. आपल्याकडील बागांतही घसरगुंड्या आहेत आणि आपल्या बाजारातही टोपीचे जाकीट खपते, हे ध्यानात असावे.

कापडाची निवड थोडी अवघड आहे, कारण येथे दोन गरजा परस्परविरुद्ध उभ्या राहतात. सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के आर्द्रता सामान्य हवेत धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. म्हणून घाम टिपण्याच्या कामी सुताला तोड नाही आणि घामोळ्यांपासून मुलाचे रक्षण तेच करते. पण शाळा सुरू होते जूनमध्ये. त्या दिवसांत एका खोलीच्या बिऱ्हाडात, जेथे गॅलरी नाही आणि दोरी स्वयंपाकाच्या ओट्यावरून बांधलेली आहे, जाड सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. तेव्हा टेरीकॉट घेणाऱ्या आईला अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. मधला मार्ग पातळ होजियरीचा आहे: डोक्यातून सहज जाईल एवढ्या रुंद गळ्याचा, विनागुंडीचा सुती बनियनवजा सदरा पंख्याखाली रात्रीतून वाळतो आणि मुलाला एकट्याने घालता येतो. असे तीन जोड वापरात आणि एक दप्तरात नाव घालून ठेवलेला, एवढी बेगमी सामान्य घराला पेलवते. पिंपरी कॅम्पातील शगुन चौकात हा माल मिळतो आणि एका टाय-पट्ट्याच्या गणवेषाच्या खर्चात तो पुष्कळसा येतो.

मापाच्या बाबतीत मात्र पालकांशी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची आपली परंपरा काटकसरीतून आली आहे आणि तिच्यामागील व्यवहारज्ञान नाकारण्याचे कारण नाही. सदरा थोडा सैल असला तर काही बिघडत नाही, उलट हात घालणे सोपे जाते. परंतु तोच न्याय चड्डीला व पायतणाला लावला की मुलाचा एक हात चड्डी सावरण्यात गुंततो आणि मोठ्या बुटात पाय घसरून ते धावताना पडते. लांबी वाढीव ठेवायची तर ती आत दुमडून शिवावी, प्रत्येक सणाला थोडी उसवावी. कमर व पाय यांना मात्र चालू माप द्यावे. पावसाळ्यात चामड्याचे बूट आणि ओले मोजे यांच्याऐवजी चिकटपट्टीची उघडी सँडल बरी, कारण ती मुलाला स्वतः लावता येते.

या विषयाला आपल्या शास्त्रात मोठी पूर्वपीठिका आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह उघडले तेव्हा मूल अंगाने व कपड्याने स्वच्छ असावे आणि त्याने वरून एक साधा अंगरखा घालावा, अशी अट नियमावलीत घातली. आणि गुंड्या, बंद, हूक, नाड्या यांचा सराव करण्यासाठी लाकडी चौकटींवर ताणलेले कापडाचे तुकडे हे साधन त्यांनी आपल्या पद्धतीत समाविष्ट केले, याचे कारण स्वतःचे कपडे स्वतः घालणे हा त्यांच्या मते स्वातंत्र्याचा पाठ होता. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करून ही दृष्टी देशी मातीत रुजविली. 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी जे काम केले त्यात मुलांची आंघोळ, नखे, केस व कपडे यांची स्वच्छता ही शिक्षणाआधीची तयारी नसून प्रत्यक्ष शिक्षण होते. तेथे ज्या मुलांच्या अंगावर पुरते कपडेही नव्हते त्यांच्यासाठी हा विचार झाला, आणि ज्यांच्या अंगावर जरुरीपेक्षा अधिक कपडे आहेत त्यांच्यासाठी आपण तो करू नये, हे शोभणारे नाही. गुंडीची चौकट कपाटात प्रदर्शनार्थ ठेवायची आणि मुलाच्या अंगावरील गुंड्या मात्र मदतनिसाने सोडावयाच्या, ही विसंगती अनेक सुसज्ज बालवाड्यांत आज नांदते आहे.

येथे मुलाचा, म्हणजे विशेषतः मुलग्याचा, प्रश्न वेगळा काढण्यास कारण आहे. आपल्या पुष्कळ घरांत तीन-चार वर्षांची मुलगी फ्रॉक स्वतः चढवू लागली की तिचे कौतुक होते आणि पुढे ते गृहीत धरले जाते. तिचा भाऊ मात्र पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत हात वर करून उभा राहतो आणि आजी त्याला सदरा घालते. त्यात प्रेम आहे, यात संशय नाही. पण आपली सेवा दुसऱ्याने करावी, आणि ती बहुधा बाईने करावी, हा धडा त्या उभे राहण्यात मुलगा नकळत गिरवीत असतो. छोट्या साहेबासारखा दिसावा म्हणून जीन, जाकीट व पट्टा त्याच्यासाठी आणला जातो आणि त्या पेहरावाने त्याचे परावलंबन आणखी एक वर्ष लांबते. बालवाडीने साधा कपडा सांगितला तर ही सवय मोडण्यास घरच्यांना एक निमित्त तरी मिळेल.

गणवेषाच्या समर्थकांचा युक्तिवाद आम्ही जाणतो. सर्वांचा वेष एक असला म्हणजे गरीब-श्रीमंत हा भेद वर्गात दिसत नाही, असे ते म्हणतात, आणि मोठ्या इयत्तांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. परंतु तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना हा भेद दिसत नाही, तो त्याच्या पालकांना दिसतो. आणि पांढऱ्या सदऱ्याच्या गणवेषात तर डागाच्या भीतीने माती, रंग व पाणी यांपासून मूल स्वतःच दूर राहते. समता हवी तर तिचा स्वस्त व शास्त्रशुद्ध उपाय माँटेसरींच्या नियमावलीच्या निमित्ताने वर आलाच आहे: घरच्या कपड्यांवरून घालायचा, जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा, बिनगुंडीचा गडद रंगवलेला अंगरखा. तो शाळेतच राहावा, शाळेतच धुतला जावा. विशिष्ट दुकानातूनच खरेदी करण्याची सक्ती शाळांनी पालकांवर करू नये असे शासनाचे आदेश आहेतच. अशा अंगरख्याने तशी सक्ती करण्याचा मोहही आपोआप नाहीसा होतो.

तेव्हा बालवाडीच्या भगिनींना आमची विनंती अशी की, जूनच्या पहिल्या पालकसभेपूर्वी तो छापील कागद मागे घ्यावा आणि त्याच्या जागी एकच कलम घालावे: मुलाला ताईंच्या मदतीशिवाय काढता येईल, घालता येईल आणि मळविता येईल असाच कपडा त्याला घालून पाठवावा. सभेत पालकांना मुलाचा कपडा बरोबर आणावयास सांगून तो मुलाकडूनच काढवून-घालवून पाहावा. जेथे मूल अडेल तेथे दोष कपड्याचा धरावा, मुलाचा धरू नये. या कलमात जे बसणार नाही, मग तो पट्टा असो वा टाय, ते यादीतून गळेल. आणि ते का गळले याचा खुलासा पालकांनी मागितला, विशेषतः नातवाला टायमध्ये पाहण्याची हौस असलेल्या आजोबांनी मागितला, तर तो शांतपणे व सप्रमाण देणे हे आपल्या कर्तव्यातच मोडते.