ओसरीवरील विचार : चेंडूनें पुढें कोणत्या गांवीं जावें?

गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें ओसरीच्या भिंतीवर भारताचा एक मोठा नकाशा लाविला आणि त्यावर रंगीत टाचण्या टोंचण्यास आरंभ केला. चिरंजीव यंदा नववींत आहेत. भूगोलाची ही अकस्मात् उपजलेली गोडी पाहून आम्हांस मास्तरकीच्या जुन्या संवयीनें मोठें समाधान वाटलें. परंतु चौकशी करतां असें निष्पन्न झालें कीं, ह्या टाचण्या नद्यांच्या किंवा राजधान्यांच्या नसून फुटबॉलच्या संघांच्या आहेत. जेथें इंडियन सुपर लीगचा संघ आहे तेथें लाल टाचणी, आणि जेथें पुढचा संघ निघावा असें त्यास वाटतें तेथें पिवळी. पिवळ्या टाचण्या अहमदाबाद, सुरत, इंदूर, लखनौ, जयपूर व नागपूर येथें होत्या. "आजोबा, ह्यांतली पहिली कोणती, तें तुम्ही सांगा," असा त्याचा आग्रह. चाळीस वर्षें मुलांना प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर देण्याची पाळी आमच्यावर आली. त्या उत्तराचा शोध घेतां घेतां जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्या बंधुभगिनींना ह्या लीगचें वृत्त ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. २०१४ च्या ऑक्टोबरांत ही लीग आठ संघांनिशीं सुरू झाली. कोलकाता, केरळ, मुंबई, चेन्नई, दिल्ली, गोवा, पुणें व ईशान्य भारत असे ते आठ. २०१७ त बंगळूर व जमशेदपूर आले. २०२० त ईस्ट बंगाल, २०२३ त पंजाब व २०२४ त मोहमेडन स्पोर्टिंग. त्यानंतर आय-लीगचें, म्हणजे खालच्या पायरीवरील लीगचें, २०२४-२५ चें विजेतेपद वादांत सांपडलें. तें २०२५ च्या जुलैंत क्रीडा-लवादानें इंटर काशी ह्या संघाच्या पदरांत टाकिलें आणि चौदाव्या संघाचा मार्ग मोकळा झाला. असा हा वंशविस्तार.

परंतु वंशावळ लिहितांना केवळ जन्म लिहून भागत नाहीं. आम्हीं नातवास म्हटलें, "जेथें संघ होता आणि गेला, तेथें एकेक काळी टाचणी लाव पाहूं." तेव्हां मोठी मौज झाली. दिल्लीचा संघ २०१९ त भुवनेश्वरास जाऊन ओडिशाचा झाला. त्याच वर्षीं पुण्याचा संघ बंद पडला व त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादच्या संघानें २०२२ च्या मार्चांत गोव्यांत अंतिम सामना जिंकून अजिंक्यपदही मिळविलें. तथापि २०२५ त तोच संघ हैदराबाद सोडून दिल्लीस गेला. म्हणजे दिल्लीचें बिऱ्हाड भुवनेश्वरास, पुण्याची जागा हैदराबादेस आणि हैदराबादचें बिऱ्हाड पुनः दिल्लीस! तुळशीचें रोप सुद्धां दर दोन-चार वर्षांनीं एका वृंदावनांतून उपटून दुसऱ्यांत लाविलें तर मान टाकतें. मग माणसांच्या प्रेमाची काय कथा?

पुण्यावर काळी टाचणी लावतांना नातवाचा हात क्षणभर थांबला. संघ गेला तेव्हां तो सात वर्षांचा होता. बालेवाडीच्या मैदानावर त्याच्या वडिलांनीं त्यास खांद्यावर बसवून सामने दाखविले होते. त्या वेळचा त्याचा एवढासा सदरा सूनबाईंनीं अद्याप बोहारणीस दिलेला नाहीं. पुण्यास त्यापूर्वींही पुणें एफ. सी. नांवाचा एक संघ होता. २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें तो दुसरा आला होता. तोही राहिला नाहीं. दोष कोणाचा हें ठरविण्यास आम्ही अधिकारी नाहीं. परंतु जो संघ जाणार हें मुलास अगोदर कळत नाहीं, त्या संघावर त्यानें जीव लावावा कीं नाहीं, हा प्रश्न आम्हांस लहान वाटत नाहीं.

आतां पिवळ्या टाचण्यांचा विचार करूं. नातवाचा नियम सरळ आहे: लोक पुष्कळ तेथें प्रेक्षक पुष्कळ. त्रैराशिक सोपें खरें, परंतु ताळा जमत नाहीं. पुणें व हैदराबाद येथें माणसांचा तोटा नव्हता, धनाचाही नव्हता. उलट गोव्याकडे पहा. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें सबंध गोव्याची वस्ती पंधरा लक्षांच्या आंत. एकट्या पुणें शहराची तिच्या दुपटीहून अधिक. तरी त्याच गोव्यांतील धेंपो संघानें २००५ ते २०१२ ह्या काळांत पांच वेळां देशाचें अजिंक्यपद मिळविलें. साळगांवकर व चर्चिल ब्रदर्स ह्यांनींही तें मिळविलें. पुढें २०२१ त आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसामन्यांत उतरणारा पहिला भारतीय संघही गोव्याचाच होता. जमशेदपूरची गोष्टही तशीच. तेथें टाटांची फुटबॉल अकादमी १९८७ पासून मुलांना शिकवीत आली आहे. लीगचा संघ आला तो त्यानंतर तीस वर्षांनीं, आणि २०२१-२२ त साखळी सामन्यांत तो सर्वांत वर राहिला. कोलकात्यास तर एकाच शहरांत तीन संघ: मोहन बागान १८८९ चा, मोहमेडन १८९१ चा आणि ईस्ट बंगाल १९२० चा. ईस्ट बंगाल जिंकला तर घरोघरीं हिलसा मासळी आणि मोहन बागान जिंकला तर कोळंबी, अशी तेथील रीत. आम्हां वरणभाताच्या लोकांस ही रुचि समजणें कठीण. परंतु ज्या खेळाचा निकाल स्वयंपाकघरापर्यंत पोंचतो त्या खेळाचें मूळ किती खोल गेलें असेल, हें कोणासही समजेल.

येथें कोणी व्यवहारज्ञ म्हणेल, "मास्तर, हें सर्व ठीक, परंतु खेळाडूंचें वेतन, देशभरचा प्रवास, रात्रीं दिव्यांच्या प्रकाशांत खेळण्याजोगें मैदान, ह्यांचा खर्च लहान गांवाच्या तिकिटांतून कसा निघावा?" आक्षेप खोटा नाहीं. संघावांचून प्रेक्षक नाहीं आणि प्रेक्षकांवांचून संघ नाहीं, असा हा बीजांकुरन्याय आहे. आणि आरंभींचें पाणी धनिकांनींच घालावें लागतें. पण केवळ त्याच पाण्यावर विसंबल्यानें काय होतें, हेंही नुकतेंच दिसलें. २०१० सालीं फुटबॉल महासंघानें केलेला पंधरा वर्षांचा करार २०२५ च्या डिसेंबरांत संपावयाचा होता. पुढील तजवीज वेळेवर झाली नाहीं. त्यामुळें त्या वर्षींचा हंगाम नेहमींच्या वेळीं सुरूच होऊं शकला नाहीं. पैसा हा पावसासारखा आहे. तो ओढ देतो तेव्हां ज्या झाडाचीं मुळें खोल असतील तेंच तगतें. म्हणून नवा संघ कोठें काढावा हें ठरवितांना थैली कोठें आहे हें अवश्य पहावें, परंतु तें दुसऱ्यांदा पहावें. गांवांत मुलें आधींपासून खेळतात काय, हें पहिल्यानें पहावें.

ह्या दृष्टीनें आमचें पहिलें बोट मिझोरामच्या ऐझॉलवर जातें. सबंध मिझोरामची वस्ती २०११ त सुमारें अकरा लक्ष होती. ह्या डोंगरी राज्यानें २०१४ त संतोष चषक जिंकला. तेथील ऐझॉल एफ. सी. हा संघ २०१६ त आय-लीगमधून बाहेर पडला होता; गोव्याचे कांहीं संघ निघून गेल्यामुळें त्यास परत घेण्यांत आलें, आणि पुढच्याच हंगामांत, २०१७ च्या एप्रिलमध्यें, तोच अजिंक्य ठरला! त्या काळीं आय-लीग हीच देशाची मान्यताप्राप्त मुख्य लीग होती. त्यांचे शिक्षक खालिद जमील. त्यांनीं त्यापूर्वीं मुंबईच्या संघास शिकविलें होतें व २०२५ त ते भारतीय संघाचे शिक्षक झाले. आतां मौज पहा. ज्या वर्षीं ऐझॉल अजिंक्य झालें त्याच वर्षीं सुपर लीगनें दोन नवे संघ घेतले, आणि त्यांत ऐझॉल नव्हतें. परीक्षेंत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास वरच्या वर्गांत न घेतां फी भरणाऱ्यास घ्यावें, असा प्रकार आमच्या नोकरींत घडला असता तर आम्हीं हजेरीपट खालीं ठेविला असता.

सुदैवानें ती वाट पुढें उघडली. २०१९ त ठरलेल्या योजनेप्रमाणें आय-लीगच्या विजेत्यास प्रवेशमूल्य न घेतां वर घ्यावयाचें होतें. पंजाबचा संघ २०२३ त त्या वाटेनें पहिला आला. ही वाट उघडी राहणें हेंच आमच्या मतें खरें विस्ताराचें धोरण होय. मात्र नांव ज्या गांवाचें, मैदानही त्याच गांवचें असावें. इंटर काशीनें आय-लीगमधील आपले 'घरचे' सामने काशींत न खेळतां बंगालमधील कल्याणी येथें खेळले. गंगेचेंच पाणी खरें, परंतु घाट निराळा. आणि काशींतल्या मुलास त्या घाटावर कोण नेणार?

"पण महाराष्ट्रांत कोठें?" असें नातवानें विचारलेंच. ह्यास उत्तर देतांना आमचा पक्षपात होण्याचा संभव आहे, हें आधींच कबूल करतों. तीन वर्षांपूर्वीं एका मुंजीनिमित्त कोल्हापुरास गेलों असतां आमचे मेहुणे आम्हांस शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हीं नांवें मूळचीं तालमींचीं. ज्या तालमींच्या लाल मातींत मल्ल घडले त्यांच्याच नांवानें तेथें फुटबॉलचे संघ उभे आहेत. पेठच्या पेठ मैदानावर लोटली होती. आमच्या शेजारीं बसलेले एक वृद्ध गृहस्थ आपल्या पेठेवर दुसरा गोल चढतांच ताटावरून उठावें तसे उठून गेले, आणि मध्यंतर संपतांच मुकाट्यानें येऊन पुनः त्याच जागीं बसले. अशीं माणसें जाहिरातीनें गोळा होत नाहींत.

मग आजच कोल्हापुरास सुपर लीगचा संघ द्यावा काय? मन होय म्हणतें. परंतु निकाल देतांना मनाचें ऐकूं नये. पेठेचा अभिमान कधीं कधीं हातघाईवर येतो, हा दोष तेथील जाणतीं माणसेंही मान्य करतात. शिवाय पेठांचे संघ अनेक, पण सर्व पेठांनीं आपला म्हणावा असा गांवाचा एक संघ नाहीं. गुणी मुलास पुढें जाण्यासाठीं घर सोडावें लागतें. २०१७ त आपल्या देशांत झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकांत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. त्यासही शिक्षणासाठीं पुण्यास यावें लागलें. तेव्हां कोल्हापूरनें प्रथम गांवाचा एक संघ उभारावा, मुलांसाठीं बाराही महिने चालणारी शाळा काढावी, आणि खालच्या पायरीवरून चढत यावें. ऐझॉलचा अधिकार आधींचा, कारण त्यानें परीक्षा देऊन दाखविली आहे. कोल्हापूरनें त्या परीक्षेस बसावें.

हें सर्व आम्हीं समजावून सांगितल्यावर नातवानें पिवळ्या टाचण्या एकेक करून काढिल्या व दोनच ठेविल्या. नंतर तो म्हणाला, "मग पुण्यावरची काळी टाचणी?" ह्या प्रश्नानें मात्र आम्ही अडलों. कारण मास्तर असतांना मॅट्रिकच्या वर्गांतील मुलांचे चेंडू हिसकावून आमच्या कपाटांत कुलुपबंद करण्याचें पुण्य आमच्याही पदरीं आहे. परीक्षा झाल्यावर ते परत मिळत. परंतु एका मुलाचा चेंडू कपाटांत तसाच राहिला. तो न्यावयास मुलगा पुनः आलाच नाहीं. त्यास पुढें खेळतांना कोणी पाहिलें नाहीं. पुण्याचे संघ कां टिकले नाहींत ह्याचीं कारणें शोधतांना जमाखर्चाच्या वह्यांबरोबर तें कपाटही उघडून पाहिलें पाहिजे, असें आम्हांस आतां वाटूं लागलें आहे.

गेल्या रविवारीं घरांत त्याविषयीं बोलणें निघालें. नातवास रोज सकाळीं एका शिक्षकांकडे खेळावयास जावयाचें आहे. सूनबाईंचें म्हणणें, "मामंजी, पुढच्या वर्षीं दहावी आहे." त्यांची काळजी रास्त आहे. पूर्वींचे आम्ही असतों तर "आधीं अभ्यास" एवढें बोलून पंचांग उघडून बसलों असतों. ह्या वेळीं आम्हीं पहांटे उठवण्याचें व संध्याकाळीं संस्कृत घेण्याचें काम स्वतःकडे घेतलें आणि सूनबाईंकडून सहामाहीपर्यंतची परवानगी मिळविली. काळी टाचणी अद्याप जागेवर आहे. परंतु सकाळीं साडेपांचला ओसरीवरून बूट वाजतात, आणि आमच्या घरापुरता तरी चेंडू एक पाऊल पुढें गेला आहे.