दिवेलागणीची वेळ

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद! कोरोनाकाळात शाळेच्या तासांसाठी मुलांच्या हाती मोबाईल आला. शाळा पुन्हा भरल्या, तरी तो हातातून सुटेना. यावर गावाने शोधलेला हा उपाय देशभर चर्चिला गेला. पण त्यातील खरे मर्म पुष्कळांच्या ध्यानी आले नाही. तो भोंगा केवळ मुलांसाठी नव्हता, थोरांसाठीही होता.

पूर्वी अनोळखी माणूस दारात आला, तर घरातले वडीलधारे त्याची चौकशी करीत. आज तो थेट मुलाच्या मुठीत येऊन बसतो. खेळता खेळता ओळख होते. समोरचा स्वतःला समवयस्क म्हणवतो, स्तुती करतो, विश्वास मिळवतो आणि एके दिवशी छायाचित्र मागतो. ते हाती पडताच धमक्या सुरू होतात. या साऱ्या व्यवहारात गुन्हेगाराचे भांडवल एकच असते : मुलाला वाटणारी घरच्यांची भीती. ‘बाबांना कळले तर?’ या प्रश्नापाशी मूल गप्प होते आणि त्याच्या त्या मौनावर गुन्हेगार पोसला जातो.

कायदे नाहीत, असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बीनुसार बालकांचे अश्लील चित्रण प्रसारित करणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २०१२चा पॉक्सो कायदा आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आहेत. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. हे सारे आवश्यकच आहे. परंतु कायदा हे कुंपण आहे, माळी नव्हे. रोपट्याची निगा घरातच राखावी लागते.

ही निगा म्हणजे पाळत नव्हे. लहान मुलांचा मोबाईल दिवाणखान्यातच वापरला जावा, रात्री तो त्यांच्या उशाशी नसावा, खेळातील अनोळखी सोबत्याला नाव, शाळा, पत्ता सांगू नये, हे नियम हवेतच. पण वाढदिवसाला मुलाचे गणवेशातील छायाचित्र शाळेच्या नावासह जगजाहीर करणारे आईवडील कोणत्या तोंडाने हे नियम सांगणार? आणि इतके करूनही विपरीत घडलेच, तर मुलाने घरी येऊन सांगितल्यावर आपल्या तोंडून निघणारे पहिले वाक्य निर्णायक ठरते. ‘मोबाईल दे इकडे’ असे ते असेल, तर मूल पुन्हा कधीच काही सांगणार नाही. ‘सांगितलंस, बरं केलंस’ असे असेल, तर निम्मे संकट तेथेच टळते. मग पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत. पुरावे जपून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर वा १९३० या क्रमांकावर तक्रार करायची. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

कुटुंब प्रबोधनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा विषय घरोघरी न्यायला हवा. त्याचा आरंभ मात्र स्वतःच्या घरापासून करावा. मैदानावर घाम गाळणाऱ्या आणि रात्री सर्वांसोबत जेवताना मोकळेपणी बोलणाऱ्या मुलाला पडद्यामागच्या परक्या आपुलकीची भूक लागत नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून सारे घर एकत्र बसण्याची रीत आपल्याकडे होतीच. वडगावच्या भोंग्याने तिचीच आठवण करून दिली. प्रत्येक गावात भोंगा वाजेल तेव्हा वाजो. आपल्या घरातील मोबाईल बाजूला ठेवण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.