मूल मस्तीखोर नाही, झोपेला पारखे झाले आहे

'तुमचा मुलगा वर्गात एक मिनिट स्वस्थ बसत नाही,' असे शिक्षक पालकसभेत सांगतात. बाप घरी जाऊन मुलाच्या कानाखाली देतो आणि प्रश्न मिटला असे दोघेही समजतात. मूल काल रात्री किती वाजता झोपले, हे कोणीच विचारत नाही.

झोप अपुरी झाली की मोठा माणूस पेंगतो. लहान मुलाचे पुष्कळदा उलटे होते. ते चेकाळते, चिडते, शेजारच्याला बुक्की मारते, शब्दाशब्दाला रडते. शिकलेले डोक्यात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, म्हणून कालचा पाठ आज आठवत नाही. वाढीचे संप्रेरकही मुख्यतः गाढ झोपेतच स्रवते. अशा मुलावर आपण 'मस्तीखोर', 'ढ' असा शिक्का मारून मोकळे होतो. तो शिक्का पुसायला मग आयुष्य पुरत नाही.

६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. आता हिशोब करा. ७ च्या शाळेसाठी ६ ला उठणारे दहा वर्षांचे मूल रात्री ९ ला झोपले, तरच जेमतेम ९ तास भरतात. आपल्या मोहल्ल्यात ९ वाजता अजून भाजी चुलीवर असते!

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. चांगले केले. पण पाचवीत गेल्यावर मुलाची झोपेची गरज एका उन्हाळ्यात संपते काय? उलट वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते, लवकर झोप येतच नाही. नेमक्या त्याच मुलांना आपण सकाळच्या पाळीत ढकलतो.

'दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, मुलाला झोपवायचे कुठे?' हा प्रश्न खरा आहे. रात्रपाळी करणाऱ्या बापाला मी दोष देणार नाही. पण लग्नाचे जेवण रात्री ११ ला वाढायला गरिबी सांगते का? १० नंतर लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी असताना चौकात डीजे कोण लावतो? बारापर्यंत मुलाच्या हातात मोबाइल कोण देतो? ईशाच्या नमाजनंतर विनाकारण गप्पा मारत बसणे पैगंबरांना (स.) पसंत नव्हते, हे आपण बयानात ऐकतो आणि बाहेर येऊन नाक्यावर एकपर्यंत बसतो. नाका जागा असेल, तर त्याला लागून असलेल्या खोलीतले मूल झोपेल कसे?

म्हणून मागणी साधी आहे. शिक्षकांनी गुणांच्या आधी झोपेची वेळ विचारावी. शाळा व्यवस्थापन समित्यांनी पाचवीपुढच्या वर्गांसाठीही उशिराची वेळ मागावी. रोज घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल डॉक्टरांना दाखवावे. लग्नपत्रिकेवर जेवणाची वेळ ८ लिहावी आणि पाळावी. यातल्या एकाही गोष्टीला सरकारी अनुदान लागत नाही.