छापील क्षमतेचा पडताळा कोण घेणार?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि करोनाकाळात घरातच थाटलेल्या कचेऱ्या इन्व्हर्टरच्या हवाली झाल्या. मुलुंड-भांडुपला इन्व्हर्टर नवा नव्हता. महावितरणच्या क्षेत्रात येणाऱ्या या भागाने २००० च्या दशकात, उर्वरित मुंबई उजळलेली असताना, भारनियमन सोसले आहे. तरीही बॅटरी दीडशेची असताना ती इतक्यात कशी बसली, हे कोडे त्या दिवशी अनेक घरांना पडले असणार.

या कोड्याचे उत्तर बरेचसे गणितात आहे. १५० अँपिअर-तास हा आकडा सहसा बॅटरी २० तासांत संथपणे रिकामी करण्यावर बेतलेला असतो. म्हणजे साडेसात अँपिअरचा प्रवाह, वीस तास. पंखे, दिवे, दूरचित्रवाणी आणि संगणक मिळून ६०० वॉटचा भार पडला, की १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअर ओढले जातात. सरळ भागाकाराने तीन तास मिळावेत. पण शिसे-आम्लाची बॅटरी जितक्या घाईने रिकामी करावी तितके कमी देते, त्यात इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते. दोन तास निघाले तरी पुष्कळ. येथे आकडा खोटा नसतो, त्यामागची अट तेवढी ग्राहकाला कोणी सांगत नाही.

पॉवर बँकेची गोष्टही अशीच आहे. १०,००० मिलिअँपिअर-तास हे माप आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे. ती ऊर्जा ३७ वॉट-तास भरते. ५ व्होल्टने बाहेर पडताना तिचे ७,४०० होतात आणि रूपांतरातील घट वजा जाता सहा-साडेसहा हजार हाती लागतात. प्रामाणिक उत्पादक हा दुसरा आकडाही छापतात, परंतु बारीक अक्षरांत!

खरी लबाडी याच्या पुढची आहे. बोटाएवढ्या, १८६५० या मापाच्या लिथियम सेलमध्ये आजचे चांगले तंत्रज्ञानही साधारण साडेतीन हजारांच्या आसपासच थांबते. तरी ९,९०० चा शिक्का मारलेले सेल विकले जातात. अशा दाव्याला प्रयोगशाळाही लागत नाही. त्या आकाराच्या सेलमध्ये तेवढी ऊर्जा मावतच नाही.

पेन्सिल सेलची परीक्षा तर घरीही करता येते. २,००० क्षमतेचा निकेल-मेटल हायड्राइड सेल एक दशांश प्रवाहाने, म्हणजे २०० मिलिअँपिअरने, १६ तास भारावा, तासभर विसावू द्यावा आणि मग ४०० मिलिअँपिअरने रिकामा करावा. दाब १ व्होल्टवर उतरेपर्यंत पाच तास जायला हवेत. पहिल्याच फेरीवर निकाल देणे मात्र अन्यायाचे. आंतरराष्ट्रीय मानकही अशा सेलला पाच फेऱ्यांपर्यंत संधी देते. लिथियम सेलवर असले घरगुती प्रयोग करू नयेत. पॉवर बँकेसाठी मधोमध लावायचा छोटा यूएसबी मीटर पुरतो. त्यावर वॉट-तास वाचावेत.

प्रश्न असा, की हे ग्राहकानेच का करावे? २०१४ च्या अधिसूचनेने पॉवर बँक आणि सुट्या उपकरणांतील बॅटऱ्यांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची झाली. पण ही सक्ती सुरक्षिततेच्या मानकांची आहे. बॅटरी पेटणार नाही, फुटणार नाही, एवढे पाहिले जाते. भीती खोटी नव्हे. २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याच्या शक्यतेमुळे बदलून देऊ केल्या, तेव्हा घरोघरी मोबाइलची पाठ उघडून पाहिली गेली होती. क्षमता मोजण्याची मानकेही अस्तित्वात आहेत, परंतु खोक्यावरचा नोंदणी क्रमांक म्हणजे छापील क्षमतेची हमी नव्हे. ब्यूरोचे पश्चिम विभागीय कार्यालय अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीत आहे. अंधेरी स्थानकाबाहेर पॉवर बँक घेणाऱ्याला मात्र त्याच्या जवळिकीचा काही उपयोग नाही.

ज्याला दाद मागायची आहे, त्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ३८ उपयोगी पडेल. दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे धाडू शकतो आणि अहवाल ४५ दिवसांत मागवतो. शुल्क प्रथम तक्रारदाराने भरायचे असते. हजार रुपयांच्या वस्तूसाठी ही खटपट करणारे विरळाच, आणि विक्रेत्यांनाही ते ठाऊक आहे. म्हणून एकेकट्या तक्रारीची वाट न पाहता केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धचे आपले अधिकार येथे वापरावेत, आणि ब्यूरोने नोंदणीच्या अटींतच क्षमतेची चाचणी घालावी. तोवर बिल जपून ठेवावे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.